टायरवरचे चार आकडे



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, भाषणाची सवय नाही. घडले तेवढे सांगते.

गेल्या श्रावणात आमची मोटार सर्व्हिसिंगला दिली होती. हे फिरतीवर, म्हणून आणायला मी आणि धाकटा गेलो. तपासणीच्या कागदावर लिहिले होते, 'चारही टायर २०१७ चे, झिजलेले, ताबडतोब बदला.' अहो, टायर आम्ही २०२२ च्या दिवाळीत नवे घातलेले! माझी अख्खी भिशी त्यात गेली, विसरेन कशी?

काउंटरवरच्या मुलाला म्हटले, "दादा, जरा गाडीपाशी चला." टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. आमच्या टायरवर ३१२२, म्हणजे २०२२ चा एकतिसावा आठवडा. एका चाकाचे आकडे आतल्या अंगाला होते, तिथे बॅटरी मारून वाकून पाहिले. शिवाय खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. खाच १.६ मिलिमीटर उरली की टायर त्यांच्या बरोबरीला येतो, मग तो बदलायचा. आमचे उंचवटे अजून चांगले खोल होते.

"काकू, नका बदलू मग. कागद राहू द्या," तो म्हणाला. मी कशी राहू देईन? उद्या गाडी विकायची झाली तर हीच नोंद पुढे येणार. शेवटी मॅनेजर आले. दुसऱ्याच गाडीची नोंद आमच्या कागदावर चढली होती! संगणकातही दुरुस्त करवली, सहीशिक्क्याचा नवा कागद घेतला, तेव्हा किल्ली हातात घेतली.

मोटार बाहेर उभी आहे. चहा झाला की चला, आकडे दाखवते.