साखर, संदेश आणि सत्तर अक्षरे



वैद्यकीय लेखन करणाऱ्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दलचा आभाराचा शिष्टाचार मी एका वाक्यातच उरकतो. कारण आज ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधायचे आहे, त्यात एकेका अक्षराची काटकसर करावी लागते.

मेक्सिकोच्या सरहद्दीला भिडलेल्या सॅन डिएगो परिसरातील, गोरगरिबांसाठी चालणाऱ्या दवाखान्यांत येणाऱ्या 126 लॅटिनो मधुमेही स्त्रीपुरुषांवर एक प्रयोग झाला व त्याचा वृत्तान्त 2017 साली प्रसिद्ध झाला. काहींना नित्याचे उपचार, तर काहींना त्याखेरीज सहा महिने मोबाइलवर आहार, औषधे आणि रक्तशर्करेची तपासणी यांविषयी छोटेखानी संदेश, अशी तजवीज होती. प्रयोगाचे नाव 'डुल्से डिजिटल'. डुल्से म्हणजे गोड, आणि मधुमेहावरील योजनेला हे नाव देणाऱ्याच्या रसिकतेला मी मनोमन दाद दिली. संदेश मिळालेल्यांचे एचबीए-वन-सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतील रक्तशर्करेचे माप, सरासरी 9.5 वरून 8.5 टक्क्यांवर उतरले, इतरांचे मात्र सहा महिन्यांअखेरही 9.4 होते. लॉस एंजेलिसच्या एका सार्वजनिक इस्पितळातील 128 रुग्णांवरील, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अशाच मोबाइल संदेशांच्या प्रयोगात मात्र असा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही, तरी स्पॅनिशभाषकांत सुधारणा अधिक दिसली, हे नमूद केले पाहिजे.

अधिक का दिसली, याचा विचार करताना माझे मन औषधांपाशी न थांबता भाषेपाशी थांबते. तिथला स्पॅनिश बोलणारा लॅटिनो माणूस मधुमेहाला नुसते 'आसुकार', म्हणजे साखर, म्हणतो, जशी आपली आजी 'मला शुगर आहे' म्हणते. एखाद्या जबर धसक्याने, ज्याला तो 'सुस्तो' म्हणतो, हा रोग जडला असेही तो पुष्कळदा मानतो. अशा माणसाला संदेश लिहिताना 'तू' म्हणावे की 'आपण', हा प्रश्न स्पॅनिशमध्येही आपल्याइतकाच नाजूक आहे. इंग्रजीतला 'एकदा' या अर्थाचा 'वन्स' हा शब्द औषधाच्या चिठ्ठीवर तसाच राहिला, तर स्पॅनिश वाचक तीच अक्षरे 'ओन्से' अशी वाचतो आणि एका गोळीच्या जागी अकरा समजतो. 'पापा' म्हणजे बटाटा आणि शेवटच्या अक्षरावर आघातचिन्ह दिले की बाप! जेवणाबद्दल ताकीद देणाऱ्या मजकुरात हे चिन्ह गळले, तर काय घोटाळा होईल, याची कल्पना आपणच करावी.

गंमत अशी की हे चिन्ह राखणे महाग पडते. साध्या रोमन लिपीतील संदेशात 160 अक्षरे मावतात. पण अ, इ, ओ, उ यांवरील आघातचिन्हे मूळ संकेतवर्णमालेत नसल्यामुळे त्यांतील एकही आले की ती मर्यादा एकदम 70 वर येते. आपल्या देवनागरीचाही हाच भोग आहे, आणि तिच्यात मात्रा-वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणून, दप्तरी मराठीत 'रुग्णाने विहित मात्रेत औषध सेवन करणे आवश्यक आहे' असा मसुदा करणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांना, ज्यांत मी स्वतःलाही धरतो, 'गोळी घेतली का?' एवढेच लिहिण्याची सवय नव्याने लावून घ्यावी लागेल.

आणखी एक. सॅन डिएगोच्या त्या प्रयोगात रुग्णाने कळविलेला रक्तशर्करेचा आकडा धोक्याचा दिसला, तर एक माणूस त्याला फोन करी आणि असे का झाले असावे, हे विचारी. उतरलेल्या त्या एका टक्क्यात संदेशांचा वाटा किती आणि या फोनचा किती, हे त्या प्रयोगाच्या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही.