बेटाला फेरी

कल्याणच्या वर्गातल्या बंधुभगिनींनो,

आम्ही डोंबिवलीच्या रात्रीच्या वर्गातली मंडळी. तुम्ही आम्हांला बोलावलंत, चहा दिलात आणि म्हणालात, ‘आता काहीतरी सांगा.’ आम्ही काही भाषणं करणारी माणसं नव्हेत. गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी आम्ही एका बेटाला फेरी मारून आलो. तेवढंच सांगतो.

बेट म्हटलं की कुठंतरी दूर समुद्रात, बोटीनं जायचं, असं मनात येतं. आमचं बेट तसं नाही. तुम्ही-आम्ही त्या बेटावर रोज कामाला जातो! आपलं ठाणं ज्यावर वसलं आहे, तेच साष्टी बेट. त्याच्या पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी. जुन्या काळी इथं सहासष्ट गावं होती, म्हणून साष्टी, असं सांगतात. ठाणं, मुलुंड, कुर्ला, अंधेरी, बोरिवली, भाईंदर ही सगळी त्या बेटावरची. कल्याण-डोंबिवली मात्र खाडीच्या अलीकडे. म्हणजे आपण त्या बेटाचे पाहुणेच.

निघताना गुरुजींनी एक अट घातली. ‘आज कुणाला विचारायचं नाही. पाटी वाचायची आणि जायचं.’

आमच्यात एक काका आहेत. तीस वर्षं ठाण्याच्या कारखान्यात गेले. बोटांवर स्टेशनं मोजून उतरायचे. एखाद्या दिवशी डुलकी लागली, मोजणी चुकली, की थेट मुलुंड! त्या दिवशी काका खिडकीशी बसले आणि पाट्या वाचू लागले. ‘दि-वा. मुं-ब्रा.’ डावीकडे मुंब्रादेवीचा डोंगर, उजवीकडे खाडी. ‘क-ळ-वा.’ मग गाडी पुलावर आली. खाली पाणी आणि काठाला तिवरांची झाडं. गुरुजी म्हणाले, ‘मंडळी, आता आपण बेटावर चाललो.’ तीस वर्षांत काकांनी तो पूल कितीदा ओलांडला असेल, पण खाली वाकून त्यांनी त्या दिवशीच पाहिलं.

या पुलाची गोष्ट ऐका. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली आगगाडी सुटली, ती ठाण्यापर्यंतच आली. पुढं खाडी होती. खाडीवर पूल झाला, तेव्हा १ मे १८५४ रोजी गाडी तुमच्या कल्याणला पोहोचली.

ठाण्याला उतरून आम्ही बोरिवलीच्या बसची पाटी शोधली. ती सापडवली आमच्या मावशींनी! बस घोडबंदरच्या रस्त्यानं निघाली. डावीकडे येऊरचा डोंगर आणि उंच उंच इमारती. गायमुखाला उजवीकडे खाडी अगदी रस्त्यालगत आली. पुढं घाट, मग घोडबंदर. इथल्या बंदरात पूर्वी घोडे उतरत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानात गेलो. दारापासून सहा-सात किलोमीटर आत, जंगलात, कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या कातळात शंभरावर लेणी! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदायला सुरुवात झाली आणि पुढं कित्येक शतकं काम चालू राहिलं. बौद्ध भिक्षू तिथं राहत. झोपायला दगडी ओटे, आणि लेण्यालेण्याजवळ पाण्याचं टाकं. कातळात पन्हळी खोदून पावसाचं पाणी टाक्यात आणलेलं. पाऊस संपून दोन महिने झाले होते, तरी टाक्यांत पाणी होतं.

एका भिंतीवर अक्षरं दिसली. काका पुढं झाले, डोळे बारीक केले, पण एक अक्षर लागेना. बिचारे ओशाळले. तेव्हा गुरुजी म्हणाले, ‘काका, मलाही वाचता येत नाही. ही ब्राह्मी लिपी. आपल्या बाळबोध अक्षरांची ही फार जुनी आजी.’ आम्ही सगळे हसलो. त्या भिंतीपुढं गुरुजी आणि आपण सारखेच!

जाणत्या माणसांनी ती अक्षरं वाचली आहेत. इथं ज्यांनी दान दिलं त्यांची नावं आणि गावं त्यांत आहेत. कल्याणचंही नाव पुष्कळदा येतं. तुमच्या कल्याणच्या एका सोनारानं इथं पाण्याचं टाकं दिलं, हे दगडात कोरलेलं आहे. तेव्हा कल्याण मोठं बंदर होतं. पूल नव्हता, गाडी नव्हती. तरी तुमच्या गावची माणसं खाडी ओलांडून या डोंगरात येत होती.

हे ऐकून काकांना राहवेना. त्यांनी एक टोकदार दगड उचलला. नाव नुकतंच लिहायला आलेलं. भिंतीवर लिहावंसं वाटलं. तिथं आधीच कितीतरी जणांनी नावं खरडून ठेवली होती. मावशी म्हणाल्या, ‘काका, त्या सोनारानं पाणी दिलं, म्हणून त्याचं नाव. तुम्ही काय दिलंत?’

काकांनी दगड खाली ठेवला. बाहेर येऊन पाटी वाचली. जुन्या वास्तूची नासधूस करणं हा १९५८ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मग त्यांनी वहीत लिहिलं, ‘कान्हेरी पाहिली.’ खाली सही केली.

परतताना बोरिवलीहून दादरला आलो. वांद्र्यानंतर माहीमची खाडी ओलांडली आणि साष्टी संपली. इथला रस्ता १८४५ साली झाला. त्याला लेडी जमशेटजी नावाच्या बाईंनी पैसे दिले होते. दादरहून डोंबिवलीची गाडी धरली. वाटेत शीव लागलं. शीव म्हणजे सीमा. तिथं मुंबई बेटाची हद्द संपे. पुढं कुर्ल्याला पुन्हा साष्टी, आणि ठाणं सोडून कळव्याला आलो तेव्हा बेटाची फेरी पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी काका वर्गात आले ते खांद्यावर मातीचा माठ घेऊन. आम्ही म्हटलं, ‘काका, यावर तुमचं नाव घालू या.’ ते म्हणाले, ‘नको. पाणी प्या.’

मंडळी, तुम्हीही ही फेरी करा. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा दुसरा वार धरा. भाकरी बांधून घ्या, कागद-साली परत आणा. आणि पाट्या मोठ्यानं वाचा. कुणी हसलं तर हसू द्या.