किनारा सुटला, तरी वस्ती तुटू नये

सन्माननीय परिषदाध्यक्ष, रॉड्रिग्सहून आलेल्या गायिका भगिनी, चागोस समाजातल्या आज्या, कोकणातून आलेली जाखडीची मंडळी आणि मॉरिशसमधील रसिकहो,



१८३४ नंतर गिरमिटिया म्हणून आलेल्या मजुरांमध्ये आमचे मराठी पूर्वज होते. त्यांनी कोकणातली जाखडी सोबत आणली, ती इथे झाकरी म्हणून रुजली. गणपतीत ढोलक आणि झांजेच्या ठेक्यावर आजही आमच्या वस्त्यांत फेर धरला जातो. पण आम्ही उतरलो त्या भूमीला आधीपासून स्वतःचे गाणे होते. आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी घडवलेला सेगा. त्यामुळे आज स्वागताचा मान मला मिळाला असला, तरी पहिला नमस्कार सेगाला.

युनेस्कोने २०१४ मध्ये मॉरिशसचा सेगा, २०१६ मध्ये भोजपुरी गीत-गवाई आणि २०१७ मध्ये रॉड्रिग्सचा सेगा तांबूर अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. याचा आम्हाला अभिमान आहे. पण यादीत नाव गेले म्हणून रावान वाजत नाही. लाकडी कड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून केलेले हे वाद्य, आपल्या डफाचे थोरले भावंडच. वाजवण्याआधी ते जाळाजवळ धरून तापवावे लागते. कातडे ताठ झाले की मगच नाद सुटतो. जोडीला मारावान, म्हणजे उसाच्या तुऱ्याच्या काड्यांची चपटी पेटी, आत खुळखुळणाऱ्या बिया. रावान तापेपर्यंत माणसे जाळाभोवती बसतात, गप्पा होतात, कुणीतरी सूर लावते, आणि पोरे तिथेच शिकतात. आता कृत्रिम कातड्याचे रावान आले आहेत. त्यांना जाळ लागत नाही. सोय झाली हे खरे, पण जमून बसण्याचे एक कारण गेले, आणि मला ही हानी मोठी वाटते.

किनाऱ्यावरची जमायची जागाही आक्रसते आहे. बेटाभोवती प्रवाळाचे कडे आहे, म्हणून बहुतेक किनाऱ्यावर लाटा बाहेरच फुटतात. समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडते, तसेच तापत राहिला तर मरते. मग लाटांचा जोर थेट पुळणीवर येतो आणि वाळू ओढून नेतो. दक्षिणेच्या रिव्हिएर दे गाले गावात उधाणाचे पाणी घरांत शिरते. पूर्वेच्या कात्र सर गावात लोकांना आसरा घेता यावा म्हणून खास इमारत उभारावी लागली. श्रीवर्धन-अलिबागकडच्या पाहुण्यांनी ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ सोसले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. उद्या काही गावे उठवावी लागतील. तेव्हा गाण्याचे काय होते, हे आपल्याला चागोसच्या माणसांकडून ऐकायचे आहे.

त्यांना समुद्राने नव्हे, सत्तेने उठवले. चागोसमधल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हावा म्हणून ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात चागोसची सारी बेटे रिकामी केली. नारळाच्या मळ्यांत राबणारी कुटुंबे कुणी सेशेल्सला, बरीचशी पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत येऊन पडली. घर गेले, काम गेले, शेजार विस्कटला. तरी बायकांनी गाणे सोडले नाही. त्यांच्यातल्याच शार्लेशिया अलेक्सिस यांनी परतण्याच्या हक्कासाठी रस्त्यावर लढा दिला आणि सेगाही गायला. तरीही २०१९ मध्ये चागोसचा हा सेगा युनेस्कोला तातडीने जपायच्या यादीत घालावा लागला, कारण ती बेटे डोळ्यांनी पाहिलेली पिढी सरत चालली आहे.

ध्वनिमुद्रण करावेच, वाद्ये बनवणाऱ्या कारागिरांना आधार द्यावाच. पण स्वागताध्यक्ष म्हणून माझी एक आग्रहाची मागणी आहे, ती या परिषदेच्या ठरावात यावी: किनाऱ्यावरचे गाव हलवण्याची वेळ आली, तर ते अख्खे हलवावे. शेजार तोच ठेवावा, आणि नव्या आराखड्यात घरांइतकीच जमायची मोकळी जागा, जाळ पेटवता येईल अशी, आधी आखावी. हे सरकारी खात्यांना सुचणार नाही. गाणाऱ्यांनीच सांगायला हवे.

उद्या सायंकाळी आपण ल मोर्नच्या पायथ्याशी जाणार आहोत. पळून आलेल्या गुलामांनी आश्रय घेतलेला हा डोंगर २००८ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथे रॉड्रिग्स, चागोस आणि झाकरी, तिन्ही मंडळे गातील. राहण्या-जेवणात काही उणे राहिले, तर आमच्या स्वयंसेवकांना हक्काने सांगा.

आता परिषदाध्यक्षांनी कामकाजाची सूत्रे हाती घ्यावीत, अशी त्यांना विनंती करतो.