‘स्ट्राइक’ : घाव नव्हे, उतरवलेले शीड



इंग्रजीतील ‘स्ट्राइक’ या शब्दाचे अर्थ अनेक आहेत. घड्याळाचा ठोका पडणे, काडी ओढणे, नाणे पाडणे, शत्रूवर प्रहार करणे, या साऱ्या क्रिया त्या एकाच शब्दाने व्यक्त होतात. प्राचीन इंग्रजीत मात्र त्याच्या धातूचा अर्थ होता पृष्ठभागावरून हळुवार फिरणे, चोळणे. आघाताचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

मग काम बंद ठेवण्यास हा शब्द कसा लागू झाला? मालकावर घातलेला घाव म्हणजे ‘स्ट्राइक’, अशी समजूत सहज होते. इतिहास वेगळे सांगतो. जहाजाचे शीड अथवा निशाण खाली उतरवणे, हाही या शब्दाचा एक अर्थ; समुद्रावरील लढाईत ती शरणागतीची खूण मानली जाई. १७६८ साली वेतनवाढ मागणाऱ्या लंडनच्या खलाशांनी बंदरातील व्यापारी जहाजांची शिडे उतरवली. जहाजे जागीच खिळली. शरणागतीची खूण प्रतिकाराचे साधन बनली आणि शब्दाला नवा अर्थ लाभला.

‘हरताळ’ या शब्दाची व्युत्पत्तीही ‘हाट’ आणि ‘ताला’, म्हणजे बाजाराला लावलेले कुलूप, अशी सांगतात. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी काम थांबवले, तेही याच परंपरेत.

संपाला हिंसाचार ठरवू पाहणाऱ्यांना हा शब्दच उत्तर देतो. संपकरी कोणावर हात उगारत नाही. तो आपला हात कामावरून काढून घेतो.