रझांचा ठिपका

प्रवेश हुकला की आपल्या घरात ‘वर्ष वाया गेलं’ म्हणतात. सय्यद हैदर रझांचंही ऐका.

जन्म १९२२चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात. वडील जंगलखात्यात, घर नमाजी. शाळेत मात्र पोराचं लक्ष लागेना. तेव्हा नंदलाल झारिया गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि ‘याच्याकडे बघत बस’ म्हणून सांगितलं.

नागपूरच्या कलाशाळेतून १९४३मध्ये रझा जे. जे.त शिकायला मुंबईला आले, तर उशीर झालेला. प्रवेशही गेला आणि शिष्यवृत्तीही. परत न जाता त्यांनी एका ब्लॉक स्टुडिओत डिझायनरची नोकरी धरली, उरलेल्या वेळात मुंबईचे रस्ते रंगवले. जे. जे. नंतर झालं. १९५०मध्ये फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिस.

फाळणीनंतर भाऊ पाकिस्तानात गेले, हे गेले नाहीत. फ्रान्समध्ये साठेक वर्षं राहिले आणि तिथे ‘बिंदू’ रंगवू लागले. काही चित्रांत देवनागरी अक्षरंही आहेत. मुसलमान चित्रकाराच्या चित्रात बिंदू कसा, असं मला कुणी विचारतं, तेव्हा मी झारिया गुरुजींचं नाव सांगतो.

२०१६मध्ये मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचा दफनविधी झाला.