वर्गणीची बेरीज



आधी एक कबुली देते. गेल्या वर्षी वर्गणीच्या बेरजेत मी चुकले आणि आलेली तूट गुपचूप पदरच्या पैशांनी भरली. त्याची टोचणी लागली, म्हणून बासष्टाव्या वर्षी जावास्क्रिप्ट शिकू लागले.

पहिला धडा सोपा. दोन चौकटींत आकडे लिहायचे नि त्यांची बेरीज करायची. मी १०० आणि ५० लिहिले. उत्तर आले १००५०! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी अधिकाच्या जागी उणे घातले, तर चोख ५०. तेव्हा कोडे उलगडले. चौकटीत लिहिलेले ते यंत्राच्या लेखी अंक नव्हेत, अक्षरे. अधिकाचे चिन्ह अक्षरे शेजारी शेजारी जोडते, उणे मात्र त्यांचे अंक करून घेते. 'नंबर' या आज्ञेने आधी अंक करून घेतले आणि १५० आले. ब्रेंडन आइक यांनी ही भाषा १९९५ साली दहा दिवसांत रचली. आपले लोणचेसुद्धा इतक्यात मुरत नाही, बरे का!

पुढचा धडा यादीचा. साऱ्याजणींच्या वर्गण्या ओळीने मांडल्या, तो बेरीज शंभराने कमी. यादीची मोजणी शून्यापासून असते, मी एकापासून धरली होती. गळाली ती नेमकी अध्यक्षबाईंची वर्गणी! या खेपेस मात्र पदरचे शंभर घातले नाहीत.