अंगठा उमटत नाही? चेहरा दाखवा



रोवणी आणि तेंदूपत्ता तोडणी करून आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या हातांच्या रेषा झिजतात. मग ई-केवायसीच्या यंत्रावर अंगठा येत नाही. आधारला जोडलेले सिम बंद असेल तर ओटीपीही नाही, आणि पीएम-किसानचा २,००० रुपयांचा हप्ता अडकतो. अंगठ्याचा हट्ट सोडा. जून २०२३ पासून पीएम-किसान ॲपवर चेहरा दाखवून ई-केवायसी करता येते. तुमचा फोन साधा असेल तर शेजारच्या लाभार्थ्याच्या ॲपवरून होते. फक्त रेंज हवी, म्हणून बाजाराच्या दिवशीच उरका. चालू मोबाईल नंबर आधार केंद्रात स्वतः जाऊन जोडता येतो. त्याला कागदपत्र लागत नाही. फोनवर ओटीपी मागणाऱ्या ‘साहेबा’ला तो सांगू नका.